सिंहगडावरून तोरणा: कॉटमनच्या बारा रंगांच्या पेटीचा कस

विन्सर अँड न्यूटनची ‘कॉटमन स्केचर्स पॉकेट बॉक्स’ ही जलरंगांची छोटी पेटी आपल्याकडे कलासाहित्याच्या मोठ्या दुकानांत आणि ऑनलाइन सहज मिळते. आत बारा हाफ-पॅन (सुक्या रंगाच्या छोट्या वड्या), एक आखूड ब्रश आणि झाकणातच रंग कालवायला जागा. तिच्याबद्दल बहुतेक ठिकाणी ‘प्रवासाला सोयीची, नवशिक्यांना चांगली’ एवढंच लिहिलेलं सापडतं. पण ज्याला डोंगररांगा रंगवायच्या आहेत, समोरचं गवत आणि मागचा डोंगर यांच्यामधली पंधरा किलोमीटरची हवा कागदावर आणायची आहे, त्याला या पेटीचा कितपत उपयोग आहे? हे परीक्षण फक्त त्या प्रश्नापुरतं आहे.

उत्तर आधीच सांगतो. पेटी या कामाला पुरते. दूरच्या रांगांसाठी तर उत्तम आहे. जवळच्या गडद भागाशी आली की ती दमते, पण त्यावर इलाज आहे. बारांपैकी चार रंग खरं काम करतात, दोन रंग वापरताना फार जपावं लागतं. आणि कागद हलक्या प्रतीचा असेल तर बाराच्या बारा रंग असून उपयोग नाही. पैसे मोजके असतील तर पेटी हीच ठेवा आणि उरलेले पैसे कागदावर घाला.

कस लावायला दृश्य निवडलं ते सिंहगडावरून नैर्ऋत्येकडे दिसणारं. सरळ रेषेत राजगड साधारण पंधरा आणि तोरणा साधारण सतरा किलोमीटर. मध्ये दोन-तीन रांगा, मधल्या खोऱ्यांत हिवाळ्यात साचून राहणारं धुरकट धुकं, आणि पायाशी कातळ, कारवी, वाळत चाललेलं गवत. चित्रातल्या खोलीचा, म्हणजे अंतराच्या भासाचा, अभ्यास करायला याहून चांगली जागा पुण्याजवळ शोधावी लागेल. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पावसाने हवा धुतलेली असते आणि रांगा स्पष्ट सुट्या दिसतात. फेब्रुवारीनंतर धूळ आणि वणव्यांचा धूर यांमुळे तोरणा कधी कधी दिसतच नाही, दिसला तर निळा नसतो, मातकट करडा असतो. वेळही महत्त्वाची. सकाळी ऊन पाठीमागून, डावीकडून येतं. डोंगरांच्या अंगावरच्या घळी, कातळाचे पट्टे सगळं उजळतं आणि अंतर कमी वाटतं. दुपारी चारनंतर ऊन समोरून येऊ लागतं, घळी नाहीशा होतात, प्रत्येक रांग एका सपाट आकारात मिटते आणि एकामागे एक टोन, म्हणजे गडद-फिकेपणाच्या पायऱ्या, मोजता येतात. शिकणाऱ्याने संध्याकाळच धरावी.

आता हवेचं गणित, कारण पेटीतला कोणता रंग चालेल हे त्यावरच ठरतं. हवेतले रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात. आपण आणि डोंगर यांच्यामध्ये जितकी हवा जास्त, तितका हा विखुरलेला निळा प्रकाश डोंगराच्या गडद अंगावर चढतो. म्हणून दूरचा डोंगर फिकाही होतो आणि निळाही. बाष्प, धूळ आणि धूर यांचे कण मात्र आकाराने मोठे. ते सगळेच रंग सारखे विखुरतात, त्यामुळे त्यांचा पडदा पांढुरका किंवा करडा असतो. हा पडदा खोऱ्यात खाली बसतो. म्हणूनच डोंगराचा माथा गडद आणि पायथा फिका दिसतो. चित्र पाहताना ‘इथे खोरं आहे’ हे डोळ्याला पटतं ते या फिक्या पायथ्यामुळे. नवशिक्यांच्या चित्रांत नेमकं उलटं होतं. रंग खाली ओघळून साचतो, पायथा गडद होतो, आणि रांगा पुठ्ठ्याचे आकार कापून एकापुढे एक उभे केल्यासारख्या दिसतात.

‘दूर म्हणजे निळं’ हा नियम अर्धाच खरा आहे. दूरचा डोंगर हा क्षितिजाजवळच्या आकाशाच्या रंगाकडे सरकतो, हा नियम जास्त कामाचा. क्षितिज पांढुरकं असेल तर डोंगर पांढुरका निळा, सूर्य मावळतीला आला आणि तोरण्यामागचं आकाश तांबूस पिवळं झालं की तोरण्याच्या निळ्यातही ती ऊब शिरते. आणि दूरच्या उजळ वस्तूंचं उलट होतं. त्यांच्याकडून येणाऱ्या प्रकाशातला निळा भाग वाटेतच गळतो, म्हणून क्षितिजावरचे पांढरे ढग किंचित पिवळसर दिसतात. ते शुद्ध पांढरे सोडले तर जवळचे वाटतात. त्यांच्यावर यलो ऑकरचा अगदी पुसट हात फिरवला की ते मागे सरतात.

या हिशोबात पेटीतले रंग कसे बसतात ते पाहू. पेटीच्या मागे छापलेली यादी घेताना तपासा, कारण सेटमधले रंग बदलू शकतात. दृश्याचा कणा म्हणजे अल्ट्रामरीन. यातलं रंगद्रव्य पीबी २९ (असे संकेत म्हणजे रंगद्रव्यांची ठरलेली नावं), पारदर्शक, उन्हात न उडणारं. त्याचे कण जड असतात आणि कागदाच्या खळग्यांत बसून दाणेदार पोत देतात. जवळच्या कातळावर हा पोत सुंदर दिसतो. सतरा किलोमीटरवरच्या तोरण्यावर तोच पोत घात करतो, कारण पोत दिसला की डोळा वस्तूला जवळ ओढतो. त्यावर तीन उपाय आहेत. दूरच्या रांगांसाठी खरखरीत कागद टाळा, वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, एकदा टाकून पुन्हा घोळू नका, आणि पाट, म्हणजे कागदाखालची फळी, थोडा उतरता ठेवा म्हणजे कण एका जागी बसण्याआधी वॉश पुढे सरकेल. अल्ट्रामरीनमध्ये लाल किंवा तपकिरी मिसळली की पोत आणखी उठतो, हेही ध्यानात असू द्या.

दुसरा रंग बर्न्ट सिएना, कॉटमनमध्ये पीआर १०१. अल्ट्रामरीनमध्ये हा घातला की करडा होतो. निळा थोडा जास्त ठेवला तर थंड करडा, सिएना जास्त झाली तर उबदार. सह्याद्रीच्या हवेला लागणाऱ्या जवळजवळ सगळ्या करड्या छटा या दोघांतून निघतात. तयार पेन्स ग्रे घेण्याची गरज नाही. त्यात बहुधा काळा असतो आणि दूरच्या रांगा त्याने मृत दिसतात.

तिसरा अ‍ॅलिझरिन क्रिमझन ह्यू. ‘ह्यू’ म्हणजे मूळ द्रव्याऐवजी तशाच छटेचं दुसरं द्रव्य. जुना खरा अ‍ॅलिझरिन, म्हणजे पीआर ८३, उजेडात उडतो. कॉटमनमध्ये त्याऐवजी पीआर २०६ हे टिकाऊ द्रव्य आहे, आणि ते किंचित तपकिरीकडे झुकतं. काहींना हा दोष वाटेल, या कामात तो गुण आहे. अल्ट्रामरीनबरोबर मिसळल्यावर यातून झगझगीत जांभळा येत नाही, मळकट, धुराळलेला जांभळा येतो, जो संध्याकाळच्या राजगडावर खरोखर असतो. मात्र प्रमाण सांभाळा. अल्ट्रामरीन चार भाग, अ‍ॅलिझरिन एक भाग, सिएना अर्धा भाग, एवढंच. अ‍ॅलिझरिन वाढला की डोंगर कॅलेंडरमधला वाटू लागतो.

चौथा यलो ऑकर. क्षितिजाची ऊब, वाळलेलं गवत, आणि अल्ट्रामरीनबरोबर मधल्या रांगांचा मंद हिरवा, ही तिन्ही कामं याच्याकडे.

जपून वापरायचे दोन रंग म्हणजे सॅप ग्रीन आणि चायनीज व्हाइट. सॅप ग्रीन हाताशी तयार असतो म्हणून ब्रश आपोआप तिकडे जातो आणि मधल्या रांगेवर हिरवा फासला जातो. त्या क्षणी ती रांग पाच किलोमीटर पुढे येते. पावसाळ्यात डोंगर हिरवागार असला तरी हवेमुळे त्यातला पिवळा आधी नाहीसा होतो. मधला हिरवा म्हणून निळसर करडाच लागतो. सॅप ग्रीन फक्त पुढच्या उतारावर, आणि तिथेही सिएना घालून.

चायनीज व्हाइटची गोष्ट सवयीची आहे. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांमुळे आपल्याकडच्या अनेकांचा हात पोस्टर कलरवर बसलेला असतो. तिथे फिकं करायचं म्हणजे पांढरा मिसळायचा. जलरंगात फिकं करायचं म्हणजे पाणी वाढवायचं, आणि उजेड येतो तो खालच्या कागदातून. पांढरा मिसळलेला धुक्याचा वॉश वाळल्यावर खडूसारखा दिसतो. त्यातून प्रकाश आरपार जात नाही, त्यामुळे धुकं डोंगरावर असण्याऐवजी कागदावर बसल्यासारखं वाटतं. या पॅनचा एकच प्रामाणिक उपयोग आहे: सगळं वाळल्यावर खोऱ्यातल्या एखाद्या वस्तीतून उठणाऱ्या धुराची बारीक रेघ.

व्हिरिडियन ह्यूचा उल्लेख वेगळा करायला हवा, कारण बहुतेक जण त्याला हात लावत नाहीत. ते खरं व्हिरिडियन नव्हे, थॅलो ग्रीन आहे, पीजी ७. एकटा वापरला तर प्लास्टिकसारखा हिरवा. पण अ‍ॅलिझरिनबरोबर साधारण सम प्रमाणात, घट्ट कालवला तर जवळजवळ काळा होतो, आणि तो काळा जिवंत असतो. पुढच्या कातळातल्या फटी आणि कारवीच्या बुंध्यांखालचा अंधार यांसाठी पेटीत याहून चांगलं काही नाही. कपड्याला लागला तर डाग जात नाही, कागदावरूनही उचलता येत नाही. त्यामुळे शेवटीच वापरा.

बर्न्ट अंबर आणि पेटीतले बाकीचे रंग या दृश्यात फारसे लागत नाहीत.

कॉटमन ही स्टुडंट ग्रेड, म्हणजे शिकणाऱ्यांसाठीची स्वस्त मालिका, आणि स्टुडंट ग्रेडबद्दल कलाकारांत एक सरसकट नाक मुरडणं असतं. या विषयापुरतं ते निम्मं चुकीचं आहे. स्टुडंट ग्रेडमध्ये रंगद्रव्याचं प्रमाण कमी असतं. दूरच्या रांगांना द्रव्य कमीच हवं असतं, तिथे तुम्ही महागडा आर्टिस्ट ग्रेडचा रंग घेऊन पाण्यात इतका पातळ करता की फरक उरत नाही. उलट कमी ताकदीच्या रंगाने फिके टोन नेमके साधणं सोपं जातं. फरक पडतो पुढच्या भागात. तिथे एकाच फटकाऱ्यात दहापैकी आठव्या-नवव्या पायरीचा गडदपणा हवा असतो आणि हाफ-पॅनवर ब्रश घासत बसावं लागतं. घासून जेमतेम सहावी पायरी गाठली, मग दुसरा थर, मग तिसरा, आणि तिसऱ्या थरापर्यंत खालचे दोन विरघळून चिखल होतो. पुढचा भाग पुरेसा गडद झाला नाही तर मागची सगळी मेहनत फुकट, कारण खोली ही दोन टोकांमधल्या फरकावर उभी असते.

यावर उपाय आधी सांगितलेल्या व्हिरिडियन-अ‍ॅलिझरिनचा, आणि दुसरा तयारीचा. काम सुरू करण्याच्या पाच मिनिटं आधी, वापरायच्या पॅनवर पाण्याचे दोन-दोन थेंब टाकून ठेवा. पॅन मऊ झाला की घट्ट रंग सहज सुटतो. कोरड्या पॅनवर ओला ब्रश घासण्याने ब्रशचं टोकही मरतं.

पेटीतला ब्रश रेखाटनवहीत टिपण काढायला ठीक आहे. वॉशसाठी त्याचा उपयोग नाही, कारण त्यात पाणी मावत नाही. अर्ध्या रांगेत रंग संपतो, तुम्ही पुन्हा भरायला जाता, तोवर कड वाळते आणि मध्येच रेघ उमटते. किमान एक दहा किंवा बारा नंबरचा गोल ब्रश आणि आकाशासाठी एक इंची चपटा ब्रश घ्यावाच लागेल. झाकणातली जागाही तशीच अपुरी. ए-फाइव्ह आकाराच्या चित्रासाठी प्रत्येक थराला चार-पाच मिलिलिटर तयार वॉश लागतो, आणि चार थरांचे चार वेगळे वॉश झाकणात मावत नाहीत. सोबत एक पांढरी चिनी मातीची बशी ठेवा. स्टीलची वाटी नको, तिच्या चकाकीमुळे टोन कळत नाही.

कागदाकडे वळतो, कारण खरा निकाल तिथेच लागतो.

दूरची रांग म्हणजे वरून गडद, खाली विरत जाणारा एकसंध वॉश. तो साधायला कागदाने दोन गोष्टी करायला हव्यात: पाणी थोडा वेळ पृष्ठभागावर धरून ठेवायचं, आणि वाळलेल्या थरावर दुसरा थर टाकला तरी पहिला सोडायचा नाही. या दोन्ही गोष्टी शंभर टक्के कॉटनचा, नीट सायझिंग केलेला, म्हणजे पाणी लगेच शोषू नये म्हणून खळ दिलेला, कागद करतो. अर्शचा ३०० जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅममध्ये वजन) कोल्ड प्रेस, म्हणजे मध्यम पोताचा, कागद हा याचा प्रसिद्ध नमुना. त्याला जिलेटिनचं सायझिंग असतं, रंग किंचित आत मुरून बसतो, आणि वर चार थर निवांत चढतात. सेल्युलोजच्या कागदावर, मग तो ३०० जीएसएमचा का असेना, रंग वरच राहतो. कॅन्सनचा माँव्हाल त्या वर्गातला. त्याचा एक फायदा आहे: चुकलेला रंग ओल्या ब्रशने सहज उचलता येतो. तोटाही तोच. दुसरी रांग टाकताना पहिली उचलली जाते. अशा कागदावर तीनच रांगांचं चित्र बेता आणि प्रत्येक थर एकाच हाताने, न घोळता टाका. दोन्ही कागदांवर जीएसएम सारखंच छापलेलं असतं, म्हणून घेताना ‘१०० टक्के कॉटन’ हे शब्द शोधा.

पुण्याच्या हातकागद संस्थेचा आणि इतर ठिकाणचा सुती हातकागदही पुष्कळ जण वापरतात. अशा कागदांत सायझिंग कमी-जास्त असू शकतं, म्हणून प्रत्येक नव्या गठ्ठ्यातल्या एका कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहा. थेंब अर्धा-एक मिनिट गोल राहिला तर कागद वॉशला चालेल. लगेच मुरून डाग पसरला तर त्यावर विरत जाणारी कड निघणार नाही. तो कागद कोरड्या ब्रशच्या कामाला ठेवा.

खरखरीत, म्हणजे रफ, पृष्ठभाग पुढच्या भागाला शोभतो पण दूरच्या रांगांना अल्ट्रामरीनच्या दाण्यांमुळे नडतो. कोल्ड प्रेस हा मधला मार्ग. हॉट प्रेसवर, म्हणजे गुळगुळीत कागदावर, वॉश इतका लवकर घसरतो की शिकताना तो नकोच.

आता या पेटीने, ए-फाइव्ह किंवा जास्तीत जास्त इम्पीरियलचा आठवा भाग, म्हणजे साधारण १९ बाय २८ सेंटिमीटरच्या कागदावर काम कसं करायचं ते. याहून मोठं चित्र हाफ-पॅनमधून करू नका, रंग कालवण्यातच कागद वाळून जाईल. कागद चारही बाजूंनी मास्किंग टेपने पाटावर चिकटवा. ३०० जीएसएमचा एवढा तुकडा आधी भिजवून ताणायची गरज नसते. पाटाच्या वरच्या कडेखाली पाच सेंटिमीटर जाडीचं काहीतरी ठेवा, तेवढा उतार पुरतो.

पेन्सिलने फक्त माथ्याच्या रेषा काढा. घळी, झाडं, पट्टे काही नाही. राजगड ओळखू येतो तो बालेकिल्ल्याच्या उंचवट्याने, तोरणा त्याच्या लांबलचक पाठीने आणि बुधला माचीच्या टेंगळाने. एवढ्या दुरून ओळख पटवायला बाह्यरेषाच पुरते, अंगावरचा एकही तपशील लागत नाही, आणि टाकला तर खोली मरते.

मग टोनची पट्टी. कोरा कागद शून्य आणि सगळ्यात गडद दहा धरून एका तुकड्यावर पायऱ्या रंगवून घ्या. आकाश एक, तोरणा दोन, राजगड तीन ते साडेतीन, मधली रांग पाच, जवळचा उतार सात, पुढचा कातळ नऊ. या आकड्यांमधलं अंतर मागे कमी आणि पुढे जास्त आहे हे नीट पाहा. सगळ्या रांगांत सारखं अंतर ठेवलं की चित्र जिन्यासारखं दिसतं. प्रत्यक्षातही दूरच्या दोन रांगांमधला फरक कळेल-न-कळेल इतकाच असतो.

अल्ट्रामरीन-अ‍ॅलिझरिन-सिएनाचं आधी सांगितलेलं मिश्रण बशीत घट्ट करून ठेवा. ते मूळ मिश्रण. तोरण्यासाठी त्याचा एक भाग आणि पाण्याचे आठ, राजगडासाठी एकास पाच, मधल्या रांगेसाठी एकास तीन. पॅनमधून रंग किती निघाला यावर हे बदलेल, म्हणून प्रत्येक वॉश कागदाच्या तुकड्यावर टाकून, वाळवून, पट्टीशी ताडून पाहा. ओला असताना बरोबर वाटलेला टोन वाळल्यावर साधारण एक पायरी फिका होतो. औषधाच्या दुकानात मिळणारा ड्रॉपर मोजायला उत्तम.

आकाश आधी. संपूर्ण कागद, डोंगरांसकट, स्वच्छ पाण्याने ओला करा. वरून अल्ट्रामरीनमध्ये सिएनाचा ठिपका घालून उतरत या, क्षितिजाजवळ यलो ऑकर इतका पातळ की असल्या-नसल्यासारखा. हा ऑकर डोंगरांच्या जागेवरही खाली येऊ द्या. पुढचे सगळे थर त्याच्यावरून जाणार आहेत आणि तीच ऊब सगळ्या रांगांना एका हवेत बांधते. आकाश माथ्याच्या रेषेवर थांबवलं तर तिथे पांढरी फट राहते आणि डोंगर आकाशावर चिकटवल्यासारखा दिसतो.

पूर्ण वाळू द्या. तळहाताची मागची बाजू कागदाला लावा. गार लागला तर अजून ओल आहे.

तोरणा: माथ्यावरून भरलेल्या ब्रशने रेषा घ्या आणि रंगाचा ओला मणी, म्हणजे खालच्या कडेला साचलेला थेंब, खाली ओढत आणा. रांगेच्या उंचीच्या दोन तृतीयांश भागावर आलात की ब्रश धुवा, फडक्याला एकदाच टेकवा, आणि स्वच्छ ओल्या ब्रशने तोच मणी पुढे उतरवा. पायथ्याशी फक्त पाणी उरलं पाहिजे. ब्रश फडक्याला न टेकवता गळता ठेवला तर जादा पाणी वरच्या रंगात घुसतं आणि फुलकोबीसारखा डाग फुटतो. हा डाग पडला तर हात लावू नका. पूर्ण वाळल्यावर तिथेच पुढच्या रांगेचा माथा घेता येतो का ते बघा, बहुतेक वेळा येतो.

राजगड आणि मधली रांग याच रीतीने, दर वेळी पुढच्या रांगेचा माथा मागच्या रांगेच्या विरलेल्या पायथ्यावर यायला हवा. गडद माथा, फिका पायथा, पुन्हा गडद माथा: खोलीची सगळी करामत याच आलटून-पालटून येण्यात आहे. मधल्या रांगेच्या मिश्रणात ऑकर थोडा वाढवा. सह्याद्री बेसॉल्टच्या थरांनी रचलेला आहे, त्यामुळे उतारांवर आडवे पट्टे दिसतात. मधल्या रांगेवर असे दोनच पट्टे, ओल्या वॉशमधून पिळलेल्या ब्रशने रंग उचलून दाखवा. तोरण्यावर एकही नको.

जवळच्या उतारावर पहिल्यांदा पाणी कमी करा. सिएना, ऑकर, थोडा सॅप ग्रीन कागदावरच एकमेकांत मिसळू द्या. कडा काही ठिकाणी टोकदार, काही ठिकाणी सैल. शेवटी पुढचा कातळ, व्हिरिडियन-अ‍ॅलिझरिनच्या घट्ट मिश्रणाने, कोरड्या ब्रशची बाजू घासत. इथे कागदाचा खरखरीतपणा कामाला येतो. गवताच्या काड्या चार-सहाच, आणि त्यांतली एखादी तरी मधल्या फिक्या खोऱ्यावरून वर गेलेली, म्हणजे तिच्या मागचं अंतर उघडं पडतं.

हवामानाची एक सूचना. एप्रिल-मेच्या उन्हात गडावर वॉश ब्रशखालीच वाळतो. कागद सावलीत धरा आणि पाण्याचा फवारा जवळ ठेवा. पावसाळ्यात उलट, थर वाळायला अर्धा तासही लागतो आणि घाईने पुढची रांग टाकली की ती मागच्या रांगेत फुटते. त्या दिवसांत गडावर आकाश आणि तोरणा एवढंच करून उरलेलं घरी पूर्ण करणं शहाणपणाचं.

ज्या जॉन सेल कॉटमनच्या नावावर ही रंगमालिका आहे, तो नॉर्विचचा इंग्रज चित्रकार (१७८२–१८४२) याच सपाट, मोजक्या टोनच्या वॉशसाठी ओळखला जातो. तपशील भरण्याऐवजी तो शांत आकार एकमेकांशेजारी आणि एकमेकांवर मांडत असे. त्याची चित्रं पडद्यावर मोठी करून पाहिली तर वॉश कुठे थांबवायचा याचं पुष्कळ शिक्षण होतं.

पेटीत बदल करायचा झाला तर हाफ-पॅन काढून त्याच कंपनीच्या प्रोफेशनल मालिकेतले हाफ-पॅन बसतात. पहिला बदल चायनीज व्हाइटच्या जागी कोबाल्ट ब्लू, पीबी २८. महाग आहे, पण दूरच्या रांगांना अल्ट्रामरीनपेक्षा कमी जांभळा आणि अधिक हवेशीर निळा देतो, आणि कागदावरून सहज उचलताही येतो. दुसरा बदल बर्न्ट अंबरच्या जागी लाइट रेड. कोबाल्टमध्ये त्याचा किंचित अंश घातला की दुपारच्या धुराळ्याचा नेमका करडा मिळतो. लाइट रेड झाकणारा रंग आहे, म्हणून अंशच. अल्ट्रामरीन आणि सिएना सगळ्यांत आधी संपतात. त्यांच्या कॉटमनच्या आठ मिलिलिटरच्या ट्यूब आणून रिकाम्या पॅनमध्ये दोन थरांत भरा, पहिला थर सुकल्यावर दुसरा. एकदम काठोकाठ भरला तर वर साय धरते आणि आत ओल राहते. घरात कॅमलच्या ट्यूब असतील तर याच तीन-चार नावांचे रंग घेऊन बशीवर सराव सुरू करायला हरकत नाही, पद्धत तीच राहते.

ज्यांना ए-फोरपेक्षा मोठी चित्रं करायची आहेत त्यांनी मात्र ही पेटी घेऊ नये, सुरुवातच ट्यूबने करावी. आणि कोकणात किंवा पावसाळ्यात काम करणाऱ्यांनी पेटी ओली असताना बंद करून ठेवू नये. पॅनमधल्या डिंकाला बुरशी लागते. रात्रभर झाकण उघडं ठेवा, बुरशीचा ठिपका दिसलाच तर वरचा थर ओल्या कापडाने पुसून काढून पॅन हवेशीर जागी वाळू द्या.